खरं की मंडळाचं

आमच्या घरात सात वर्षं एक साहेब राहत होते. त्यांना पगार नव्हता, खुर्ची नव्हती, शिपाई नव्हता, पण साहेब होते. म्हणजे माझा मोठा भाऊ. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो घरी आला त्या दिवशी बाबांनी कौतुकाने त्याला साहेब म्हटलं. सरकारी इंजिनिअरच्या भरतीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून कुणी ते नाव मागे घेतलं नाही. पहिल्या वर्षी शेजारीपाजारी अभिमानाने साहेब म्हणायचे, तिसऱ्या वर्षी सवयीने. पाचव्या वर्षापासून काही जण ते जरा लांबवून म्हणायला लागले, "काय साऽहेब, कधी मग?" तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मीसुद्धा त्याच्या पाठीमागे त्याला साहेबच म्हणायचे, पण तो माझा हक्क होता.

मी डिप्लोमा केला आणि एका कंत्राटदाराकडे साइटवर सुपरवायझर म्हणून लागले. परीक्षा मीही देऊ शकले असते. पण एका घरात दोघं अभ्यासाला बसले तर भाजी कोण आणणार, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नव्हता. बाबा गवंडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. गवंड्याचा मुलगा इंजिनिअर झाला, आता तो सरकारी इंजिनिअर होणार आणि गवंड्यांवर देखरेख करणार, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं म्हातारपण उभं होतं.

साहेब सकाळी सात वाजता डबा घेऊन अभ्यासिकेत जायचा. अभ्यासिका म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. आत साठ खुर्च्या, साठ टेबलं, साठ पाण्याच्या बाटल्या आणि खोकल्याशिवाय कसलाही आवाज नाही. इथली निम्मी मंडळी सिव्हिल इंजिनिअर होती. अभ्यासिकेच्या छताला वर्षभर गळती होती. गळतीच्या बरोबर खाली बसून ही तीस माणसं 'छताची गळती : कारणे व उपाय' हे प्रकरण पाठ करायची आणि पाणी फारच वाढलं की टेबल सरकवायची. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा म्हटलं, "अरे, तीस इंजिनिअर आहात, वर चढून बघा तरी!" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं काही विचारलं.

संध्याकाळी क्लास. क्लास घेणाऱ्यांना सगळे पॅटर्न सर म्हणायचे. त्यांनी स्वतः ही परीक्षा नऊ वेळा दिली होती आणि नऊ वेळा हुकली होती. नापास कसं व्हायचं यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, तो माणूस पास कसं व्हायचं हे शिकवत होता, आणि ते कुणालाही खटकत नव्हतं. सरांचं म्हणणं सोपं होतं. "इंजिनिअरिंग कॉलेजात झालं, आता विसरा. तुम्हाला पूल बांधायचाय का? नाही. गोल काळा करायचाय. गोल कुठला, ते मी सांगतो."

त्यासाठी सरांनी एक लाल पुस्तिका काढली होती. भरती मंडळाच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून त्यांनी एकशे चौदा असे प्रश्न वेचले होते, ज्यांचं मंडळाने छापलेलं उत्तर चुकीचं होतं. मंडळ प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं आणि उत्तर कधीच बदलत नाही, म्हणून ही एकशे चौदा चुकीची उत्तरं चोख पाठ करायची. उदाहरणार्थ, मंडळाच्या मते काँक्रीटमध्ये पाणी जास्त घातलं की ते जास्त मजबूत होतं. आमच्या साइटवर कुणी असं केलं तर मी त्याला दुपारच्या आत घरी पाठवते. पण लाल पुस्तिकेत त्याला दोन गुण होते.

त्यामुळे अभ्यासिकेतली मुलं एकमेकांना काही विचारायची झाली की आधी एक खुलासा करून घ्यायची, "खरं की मंडळाचं?" जिन्यात, चहाच्या टपरीवर, कुठेही. "वाळू किती?" "खरं की मंडळाचं?" हळूहळू ही सवय आमच्या घरातही आली. आई विचारायची, "भूक लागलीय का रे?" आणि साहेब दोन क्षण विचार करायचा. बोलायचाही पर्याय बाद करत. "बाहेर जाऊ? नको. झोपू? नको. म्हणजे मग चहाच."

आता गेल्या वर्षीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

गेल्या वर्षीच्या परीक्षेत एक नवा प्रश्न आला होता. घराच्या भिंतीतून पुढे आलेली, खाली खांब नसलेली गॅलरी असते. तिचा स्लॅब ओतताना खाली टेकू लावतात. स्लॅब पक्का झाल्यावर ते टेकू कुठून काढायला सुरुवात करायची? भिंतीकडून बाहेरच्या टोकाकडे, की टोकाकडून भिंतीकडे? साहेबाने 'टोकाकडून' लिहिलं आणि घरी येऊन तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "मग? दुसरं काय असणार?"

मंडळाच्या उत्तरसूचीत 'भिंतीकडून' होतं.

बाबांनी सूची स्वतः बघितली, चष्मा पुसून परत बघितली. मग त्यांनी साहेबाला उभं केलं आणि लहानपणी करायचे तसं केलं. "हात सरळ पुढे कर. आता ही भिंत म्हणजे तुझा खांदा. गॅलरीत सळई वरच्या अंगाला असते, खालच्या नाही. टोकाकडून सोडत आलं, की गॅलरी हळूहळू खांद्यावर भार घ्यायला शिकते. भिंतीकडचे टेकू आधी काढून टोकाचा ठेवलास, की मधलं पोट लोंबतं, आणि पोटात सळईच नाही. तडा जाणार म्हणजे जाणार. हे मी तुला दहा वर्षांचा असताना शिकवलंय."

"बाबा, मला माहितीय. मी बरोबरच लिहिलंय."

"मग गप्प काय बसलात? कळवा त्यांना!"

मंडळाच्या सूचीवर हरकत घेता येते. मीच बसून अर्ज भरला. सोबत तीन पुस्तकांची पानं जोडली, आमच्या साइटवरचे दोन फोटो जोडले, खाली साहेबाची सही. बाबांनी पाठवण्याआधी सगळं वाचायला लावलं आणि एक वाक्य वाढवलं, 'अशा उत्तराने माणसं मरतील.' मी ते थोडं मऊ केलं. मंडळाकडून ना होय आलं ना नाही. अंतिम सूचीत 'भिंतीकडून'च राहिलं. त्या वर्षी साहेब दोन गुणांनी हुकला.

पॅटर्न सरांनी मात्र तत्परता दाखवली. लाल पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत प्रश्न क्रमांक एकशे पंधरा, उत्तर 'भिंतीकडून', आणि शेजारी तारा काढलेला. "हा पुन्हा येणार. मंडळाला हा प्रश्न आवडलाय."

साहेबाला तेहतिसावं लागलं होतं. वयोमर्यादा तेवढीच. म्हणजे या वर्षी झालं तर झालं, नाहीतर सातही वर्षं पाण्यात. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी त्याचा उच्चार करत नव्हतं. आई बोलता बोलता 'शेवटची' एवढा शब्द आला तरी जीभ चावायची, मग ती शेवटची पोळी असली तरी. साहेब आंघोळीच्या वेळीही पुटपुटत असायचा, "एकशे पंधरा, भिंतीकडून. एकशे पंधरा, भिंतीकडून." बाबा बाहेर ओट्यावर ऐकत बसायचे. एकदा मला म्हणाले, "याला सांग, माझ्या कानांवर पडेल असं तरी म्हणू नकोस."

मी सांगितलं. साहेब म्हणाला, "गेल्या वर्षी खरं लिहिलं, काय मिळालं? या वर्षी पास होतो, मग आयुष्यभर खरंच करीन." खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

बाबांनी त्यांच्या परीने तयारी चालवली होती. घराच्या दर्शनी बाजूला, दाराच्या बरोबर वर, त्यांनी एक गॅलरी काढायचं ठरवलं. कारण विचारलं तर वारा येईल म्हणायचे. पण कठड्यावर साहेबाच्या नावाची पाटी बसेल एवढी जागा त्यांनी पहिल्याच दिवशी खडूने आखली होती. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी स्लॅब ओतला. बाबा खुर्चीवर बसून ओरडत होते, आमच्या साइटवरची चार माणसं काम करत होती आणि मी सळ्या वरच्या अंगाला आहेत ना ते तीनदा तपासलं. खाली टेकूंच्या तीन रांगा लागल्या, एक भिंतीलगत, एक मधे, एक बाहेरच्या कडेला. प्रत्येक टेकूखाली लाकडाची पाचर.

परीक्षेहून मात्र साहेब असा आला होता की सात वर्षांत मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "आला! एकशे पंधरा आला! जसाच्या तसा!"

"मग?" आईने विचारलं.

"मग काय, डोळे मिटून भिंतीकडून."

आईने देवाला हात जोडले. बाबा उठून मागच्या खोलीत गेले.

पंधरा दिवसांनी उत्तरसूची लागली. मी साइटवर होते, साहेबाचा फोन आला. म्हणाला, "त्यांनी बदललं."

"काय बदललं?"

"एकशे पंधरा. टोकाकडून केलंय."

अभ्यासिकेत त्या दिवशी म्हणे खोकलाही बंद होता. शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकलं की अर्धा गुण कापला, आणि पुढेमागे शेकडो माणसं एकेका गुणात दाटीवाटीने बसलेली. मंडळ बारा वर्षांत एकदा बरोबर वागलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

चार दिवसांनी टपालाने एक लिफाफा आला. साहेबाच्या नावाने, मंडळाकडून. बाबांनीच तो घेतला आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. 'आपण गेल्या वर्षी घेतलेल्या हरकतीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, तज्ज्ञ समितीने आपण सादर केलेले पुरावे तपासले असून आपली हरकत मान्य करण्यात आली आहे. आपण दर्शविलेले उत्तर योग्य असून यापुढील परीक्षांमध्ये तेच ग्राह्य धरण्यात येईल. मात्र गेल्या वर्षीच्या जाहीर झालेल्या निकालात कोणताही बदल केला जाणार नाही.' पत्रावरची तारीख आठ महिने जुनी होती. मंडळाच्या इमारतीतून बाहेर पडायला पत्राला आठ महिने लागले होते. तिथला जिना कुणी बांधलाय, बघायला हवं.

साहेब दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा इतका पडला की मी पुढचं वाचणं थांबवलं, तरी पुढे सहीशिवाय काही नव्हतंच. मंडळाला शहाणं करणारा माणूस आमच्याच घरात निघाला होता, आणि मंडळ शहाणं झाल्याने मार खाणाराही तोच. बाबांनी पत्र मागून घेतलं, स्वतः तीनदा वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तोवर तिकडे पॅटर्न सरांनी क्लास डोक्यावर घेतला होता. लाल पुस्तिकेवर विश्वास ठेवून तीनशे जण चुकले होते आणि सरांना पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची काळजी होती. त्यांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून हरकत घ्यायची, की मंडळाचं जुनं उत्तर बरोबर होतं आणि नवं चुकीचं आहे. पुरावा म्हणून मंडळाचीच गेल्या वर्षीची सूची. साहेब क्लासमधला सगळ्यात जुना विद्यार्थी, म्हणून पहिली सही त्याची हवी होती. सही करायला तो निघाला तेव्हा मीही बरोबर गेले. म्हटलं, याला एकटं सोडायला नको.

सरांनी कागद पुढे केला. "कर रे. तुझ्या सहीला वजन आहे. जुना माणूस आहेस."

साहेबाने कागद वाचला. 'भिंतीकडून टेकू काढणे हेच शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे,' असं त्यात पहिल्याच ओळीत होतं.

"सर, हे खरं नाही."

"खऱ्याचं काय घेऊन बसलास? गुणांचं बोल. तुझं हे शेवटचं वर्ष ना?"

पेन साहेबाच्या हातात होतं. मी बघत होते, आणि लाज वाटते सांगायला, पण मनात म्हणत होते, कर बाबा सही, कर एकदाची. त्याने पेनाचं टोपण लावलं.

"गेल्या वर्षी मीच लिहून दिलंय की हे चुकीचं आहे," तो म्हणाला. "आता काय लिहून देऊ? की माझ्या बापाला काम येत नव्हतं?"

सरांना यातलं काहीच कळलं नाही. साहेब जिना उतरला. बाकी तीनशे जणांनी सह्या केल्या. या हरकतीला मंडळाने एका दिवसात उत्तर दिलं. फेटाळली.

निकालाच्या दिवशी साहेबाला एकशे साडेचाळीस गुण होते आणि यादी एकशे बेचाळीसला संपली होती. तो एक प्रश्न बरोबर असता तर चुकल्याबद्दल कापलेला अर्धा वाचला असता आणि वर दोन मिळाले असते. एकशे त्रेचाळीस. हे गणित कुणी कुणाला सांगितलं नाही, पण जेवताना चौघांच्याही ताटात तेच होतं.

गॅलरीचे टेकू अजून तसेच होते. पंचवीस दिवसांत काढता आले असते, पण बाबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "साहेब काढतील," एवढंच म्हणायचे. तीन महिने आम्ही सगळे त्या टेकूंमधून वाकून घरात ये-जा करत होतो. निकालानंतरच्या रविवारी सकाळी बाबांनी अंगणात खुर्ची मांडली, हातोडा मागवला आणि साहेबाला हाक मारली.

"चला, टेकू काढा."

"मी?"

"इंजिनिअर कोण आहे घरात?"

साहेबाने हातोडा घेतला. सात वर्षांत त्याच्या हातात पेनापेक्षा जड काही आलं नव्हतं. तो वाकून गॅलरीखाली शिरला, पहिली रांग ओलांडली, दुसरी ओलांडली आणि सरळ भिंतीलगतच्या टेकूपाशी जाऊन बसला. पाचरीवर नेम धरून त्याने हातोडा उचलला.

मी ओरडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

हातोडा वरच राहिला. साहेब त्या पाचरीकडे बघत होता. मग मागे बाहेरच्या रांगेकडे बघितलं, परत पाचरीकडे. हातोडा खाली आणून त्याने मांडीवर ठेवला.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "हात आपोआप इकडेच आला गं."

तो उठला, वाकून बाहेरच्या कडेला आला. पहिल्या पाचरीला चुकार ठोका बसला, दुसरा नीट बसला आणि टेकू सैल होऊन आडवा झाला. मग पुढचा. बाहेरची रांग संपवून मधली, मधली संपवून भिंतीलगतची. बाबा प्रत्येक ठोक्याला मान हलवत होते. शेवटचा टेकू पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. गॅलरीला केसाएवढीही चीर नव्हती. आई चहा घेऊन बाहेर आली, तीही दारातून सवयीने वाकूनच.

साहेब पडलेल्या टेकूंच्या ढिगावर बसला आणि रडायला लागला. लपवून नाही, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसं. सात वर्षं निकाल पाहून जो रडला नव्हता, तो आता रडत होता आणि मला त्याच्याजवळ जायचंही सुचेना.

"बाबा," तो म्हणाला, "मला हे येत होतं हो."

बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले. गुडघे कुरकुरले. ते ढिगापाशी गेले, सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"माहितीय," ते म्हणाले. "दोनच गुण हवे होते ना? गेल्या वर्षी तू पास झाला होतास. त्यांनीच लिहून दिलंय."